चढावरचे त्रेचाळीस घोडे

दादांच्या गाडीची चढावरची चाल अशी, की तिची सावली पुढे जाऊन वळणावर वाट बघत थांबायची. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो चढ, जेमतेम पाचशे पावलांचा. माथ्यावर दादांच्या मेव्हणीचं घर. दर रविवारी तिकडे जेवायला जायचं, आणि दर रविवारी पायथ्याशी सासूबाई गाडीतून उतरायच्या. तेवढंच गाडीचं ओझं कमी! हातातले बूट पायांत चढवून त्या डुलत डुलत चालू लागायच्या, आणि गाडी धापा टाकत वर येईपर्यंत मेव्हणीच्या ओट्यावर चहा संपवून बसलेल्या असायच्या.

"आलात का जावईबापू?" त्या विचारायच्या. "वाटेत मुक्काम बरा झाला ना?"

बूट हातात असायचे, कारण दादांच्या गाडीत अनवाणीच बसायचं असा नियम होता. दादांचं गालिच्यांचं दुकान. आख्ख्या शहरातल्या बैठकीच्या खोल्या त्यांनी मऊ केल्या होत्या, मग स्वतःची गाडी कशी सोडतील? दारांना गालिचा, छताला गालिचा, डिकीत एवढा दाट गालिचा की आत पडलेलं लिंबू तिसऱ्या दिवशी सापडायचं. दुकानात नवा नमुना आला की त्याचा पहिला तुकडा गाडीत अंथरला जायचा. जुना काढायचा प्रश्नच नाही. चांगल्या मालाचा अपमान कोण करणार? गाडी चालू आहे की बंद, हे आत बसून कळत नसे. चढावर तर बाहेर बघूनही कळत नसे.

अखेर बायकोचा धीर सुटला. "अहो, दातांच्या डॉक्टरांना गाडी विकायचा शब्द दिलाय मी. त्यांना शांत गाडी हवीय, आणि त्यांच्या वाटेत चढ नाही. या रविवारी तुमच्या बहिणीसकट चौघं बसून गाडी वर गेली तर राहील. माझी आई एक पाऊलही चालणार नाही. नाही तर सोमवारी किल्ली डॉक्टरांकडे."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. बावीस वर्षांची गाडी! डॉक्टर तिच्यात बुटांसकट बसणार!

त्यांनी चार दिवस दुकानात गिऱ्हाइकांकडे पाठ करून वही भरली, आणि शनिवारी सकाळी धाकट्या बहिणीच्या गॅरेजवर जाऊन थडकले. बहिणीला सगळे 'मिस्त्री' म्हणत. एकटे दादाच तिला चिमी म्हणत. ती एका हाताने बॅटरी उचलायची तरीही.

"चिमे, वाच," त्यांनी वही पुढे केली. "गार हवेचा पाईप, आठ हॉर्सपॉवर, म्हणजे आठ घोडे. मोकळं फिल्टर, पाच. एक्झॉस्टचा नवा हेडर, बारा. रुंद सायलेन्सर, सात. हलकी पुली, चार. ट्यूनिंग, सात. एकूण त्रेचाळीस! इंजिन उघडायचं नाही, नुसतं बाहेरून नटबोल्ट आवळायचे."

मिस्त्रीने हात पुसत वही वाचली. "दादा, तुझ्या इंजिनाचे मूळचे घोडे साठ. त्यात हे त्रेचाळीस पाहुणे. तबेला मोठा करावा लागेल रे."

"चेष्टा नको. प्रत्येक खोक्यावर आकडा छापलाय."

"खोक्यावर छापलेले घोडे खोक्यातच राहतात. ऐक. काही गाड्यांना टर्बो असतो, तो इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतो. तुझ्या गाडीला तो नाही, ती आपली आपण श्वास घेते. नाक मोकळं केलं आणि घसा तसाच राहिला, तर उपयोग शून्य. आठ आणि बारा वीस होतीलच असं नाही, पाचही होतील. म्हणून आधी आहेत त्या घोड्यांची हजेरी घेऊ. गाडी तपासलीस?"

"मी रोज पुसतो."

"पुसतोस ते माहितीये मला."

चढावर हजेरी झाली. सासूबाई बायकोबरोबर, पंच म्हणून घड्याळ घेऊन आल्या, आणि नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून गाडीबरोबर चालू लागल्या. गाडी वर पोचली पाच मिनिटांत. सासूबाई साडेचारात, आणि तेही वाटेत एका ओळखीच्या बाईशी बोलून.

दादांनी डिकीतून एक खोकं काढलं. आठ घोड्यांचा गार हवेचा पाईप त्यांनी आधीच आणून ठेवला होता.

"बसव," ते म्हणाले.

"दादा, अजून..."

"बसव म्हटलं ना!"

थोरल्या भावापुढे मिस्त्रीचं चाललं नाही. पाईप बसला. गाडीने असा हंबरडा फोडला की तारेवरची कबुतरं परगावी गेली. आणि चढ चढली पाच मिनिटांत. आधी मुकाट्याने हरायची, आता बोंबलत हरली, एवढाच फरक.

दादांनी वहीत आठावर काट मारली आणि गाडीच्या दारावरचा गालिचा उगाच उलट्या हाताने कुरवाळला. ते पाहून मिस्त्रीची थट्टा जरा थबकली. तिने बॉनेट उघडलं आणि वाकली.

"चल, बस आत. एक्सिलरेटर दाब. पूर्ण."

"दाबला."

"पूर्ण म्हटलं!"

"अगं, तळाला टेकलाय!"

इंजिनात हवा आत सोडणारी झडप जेमतेम अर्धी उघडली होती, दुपारच्या झोपेतून उठून दार उघडणाऱ्या माणसासारखी. मिस्त्रीने हाताने तार ओढली. झडप सताड उघडली, आणि इंजिन असं गरजलं की दादांचा चष्मा नाकावरून घसरला.

मिस्त्री बूट काढून दादांच्या दाराशी आली, गुडघ्यांवर बसली, आणि कोपरापर्यंत हात पेडलखाली घातला.

"दादा, तळ कुठेय?"

"हा काय!"

"हा गालिचा आहे. तळ कुठेय?"

दादांनी पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहिलं.

"बावीस वर्षं तू घोड्यांना पोटभर श्वासच घेऊ दिला नाहीस," मिस्त्री म्हणाली. "आणि मीही गाढव! तू कुणाला तुझ्या जागेवर बसू देत नाहीस, म्हणून मी कधी तिथे वाकून पाहिलं नाही. सुरी आण तुझी."

सुरी दादांनीच चालवली. दुसऱ्याच्या हाती दिली नसती. निळा वेलबुट्टीचा निघाला. विटकरी निघाला. चौकटीचा निघाला. चौथ्याखाली बायकोचं कानातलं सापडलं, जे मेव्हणीच्या मोरीत गेलं असं कुटुंबाने एकमताने ठरवून टाकलं होतं. सातव्या, अगदी खालच्या थराला सुरी लागली तशी इतका वेळ लांब उभी असलेली बायको पुढे आली.

"हा राहू द्या," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षीचा आहे ना?"

मिस्त्रीने पुन्हा झडप तपासली. एका थरावर ती पूर्ण उघडत होती. सातवा राहिला.

रविवारी चौघं बसले. मिस्त्री दादांशेजारी, बायको आणि सासूबाई मागे, बूट मांडीवर. पायथ्याशी त्या सवयीने उतरायला निघाल्या, तर बायकोने त्यांचा पदर धरून ठेवला. दादांनी डोळे किलकिले केले, देवाचं नाव घेतलं, आणि पाय टेकवला. मिस्त्रीने घड्याळ पाहिलं. एक मिनिट दहा सेकंद! मेव्हणीचा अजून कुकरही उतरला नव्हता.

बायकोने तिथूनच फोन लावला. "डॉक्टर, माफ करा हं. गाडी आता फार आवाज करते, तुम्हाला नाही मानवायची."

सासूबाई मात्र ओट्यावर गाल फुगवून बसल्या. "जावईबापू, मला परत खाली सोडा. चालल्याशिवाय भूक लागत नाही मला. आणि हरवायला कुणी तरी हवं की नको?"

दादांनी खिशातून वही काढली. मिस्त्रीने ती ओढून घेतली, उरलेल्या पाच ओळींवर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'तळ सापडला. घोडे होते तेवढेच.'

दादांनी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल मागून घेऊन शेजारी बारीक अक्षरात भर घातली: 'सासूबाईंपेक्षा तीन मिनिटं वीस सेकंदांनी पुढे.'