बंधुराजांचा अर्धचंद्र

वहिनींच्या यजमानांचा मामेभाऊ दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि त्या दोन दिवसांना शेपूट फुटत गेलं. वहिनी म्हणजे सगळ्या गल्लीच्याच वहिनी. शिवणकाम करायच्या, आणि त्यांनी शिवलेला कपडा अंगावर असा बसायचा की माणूस आरशासमोरून हलायचा नाही. पाहुण्यांना आरशाचीही गरज नव्हती, ते नुसतेच हलत नव्हते. वहिनी मनातल्या मनात त्यांना बंधुराज म्हणत. त्यांची सोय केली होती शिवणाच्या खोलीत, आणि खाली झोपलं की पाठ धरते म्हणून त्यांनी गादी टाकली होती ती थेट कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर.

दुखणं होतं ते इथेच. शाळेच्या गायनवृंदाचे झगे शिवायचं काम वहिनींनी घेतलं होतं. इतकं मोठं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, आणि टेबल गेल्यामुळे त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून कापड बेतत होत्या. त्यात एक बाही उलटी कापली गेली. नेमक्या तेव्हाच मुख्याध्यापिका डोकावून गेल्या. "शनिवारी झगे मिळाले नाहीत तर मी दुसरीकडे जाईन. मग पुढच्या वर्षीचंही विसरा," असं त्यांनी बजावलं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, तुमच्या भावाला आता अर्धचंद्र द्या," त्यांनी यजमानांना गाठून सांगितलं.

यजमान कोशकार होते. शब्दकोशाचं काम घरात बसूनच करत. माणूस लाख सोन्याचा, पण भिडस्त इतका की घरात शिरलेल्या मांजरालाही आधी घसा खाकरून मगच हाकलायचा.

"तोंडावर कसं सांगू गं? वाईट दिसतं ते," कोशकार म्हणाले. "त्यापेक्षा जेवताना हाच शब्द काढतो. समजायचं ते समजेल तो."

दुपारी पानं वाढली. कोशकारांनी ताटाकडे बघतच सुरुवात केली, "अर्धचंद्र देणे म्हणजे मानगूट धरून एखाद्याला घराबाहेर घालवणे. मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्यालासुद्धा देतात."

बंधुराजांचा घास हातातच राहिला. वहिनींना वाटलं, लागली मात्रा.

"वा, दादा! काय शब्द आहे!" बंधुराज म्हणाले. "आणखी काय काय अर्थ आहेत हो याचे?"

असं कुणी विचारलं की कोशकारांना घरदार, बायको, कशाची शुद्ध राहत नसे. ते सुरूच झाले. चंद्रकोरीसारख्या टोकाचा बाण म्हणजे अर्धचंद्र. मोराच्या पिसावरचा डोळा म्हणजे अर्धचंद्र. प्रेमात उमटवलेला नखाचा ओरखडा, हाही अर्धचंद्रच; इथे कोशकारांनी उगाच पाण्याचा घोट घेतला. शिवाय 'ॲ'च्या डोक्यावर बसते ती खूण. ताटं वाळली तरी अर्थ संपेनात.

दुसऱ्या दिवसापासून बंधुराजांनी शब्द मनावर घेतला. दारात आलेल्या पोस्टमनचा हात धरून त्याच्या नखांच्या मुळाशी अर्धचंद्र आहेत का ते पाहिलं. वहिनींनी झग्याच्या गळ्यासाठी कापलेला तुकडा उचलून खिडकीशी नेला आणि मोजूनमापून परत केला, तोही चुरगळून. "दादा, तुमच्या टकलाचाही होत आलाय हो," असंही निरीक्षण नोंदवलं. वर जाहीर करून टाकलं, "हा शब्द पुरा झाल्याशिवाय मी काही जात नाही!"

वहिनींनी कपाळावर हात मारला. आधी एक पाहुणा होता, आता घरात दोन कोशकार झाले होते.

शेवटी गाडी अडली ती मूळ अर्थावरच. मानगूट धरायची ती पुढून की मागून, आणि अंगठा कुठल्या बाजूला? कोशकारांनी स्वतःची मान धरून पाहिली, मग उशीची. बंधुराज म्हणाले, उशीला मान असते का? असं भांडत दोघं स्वयंपाकघरात आले आणि बंधुराजांचा पाय पडला तो अंथरलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडावर. पावलाचा ठसा उठला.

वहिनी उठल्या. उभा जन्म लोकांच्या गळ्यांची मापं घेण्यात गेलेला, मानेची त्यांना काय नवलाई!

"भावोजी, वळा बघू तिकडे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि मागून पंजा घातला. "अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. झाला अर्धचंद्र."

"दादा, लिहा, लिहा!" बंधुराज हरखून म्हणाले.

"पण नुसतं धरून भागत नाही. चालवावं लागतं."

"मग चालवा की!"

वहिनींनी चालवलं. बंधुराज पुढे, वहिनी मागे, आणि शेजारून कोशकार हातात पेन्सिल घेऊन पळताहेत. शिवणाच्या खोलीवरून जाताना वहिनींनी डाव्या हाताने बंधुराजांची बॅग उचलली. दार उघडलं. आधी बंधुराज बाहेर, मागून बॅग, आणि दार बंद.

लगेच दारापलीकडून उत्साही आवाज आला, "अगदी स्पष्ट झालं, वहिनी! दादा, आता बाहेर काढलेल्या माणसाला परत आत घेतात, त्याला काय म्हणतात हो?"

कोशकारांनी तोंड उघडलं. एखादा शब्द नाही असं त्यांच्या तोंडून वहिनींनी अजून कधी ऐकलं नव्हतं, आणि शब्दाच्या बाबतीत खोटं बोलणं म्हणजे त्यांना घोर पाप वाटे. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. कपाळावर घाम, गुडघ्यांवर फरशीचे वळ, पदराला टोचून ठेवलेल्या टाचण्या.

"त्याला शब्द नाही रे," ते दाराला म्हणाले.

वहिनींना हसू आलं आणि लगोलग डोळेही भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्यासाठी इतकं मोठं काही केलं नव्हतं. दोघांनी मिळून टेबलावरची गादी खाली ओढली, आणि वहिनींनी पांढऱ्या कापडाचा नवा तागा या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडला.