पुरा क्लच

"अवं, दाबा!" हडंब्याच्या, म्हणजे मळणीयंत्राच्या, तोंडात तुंबलेलं ओलं काड बघून वत्सलाबाईंनी आवाज दिला.

शहादेवनं डावा पाय पॅडलवर ठेवला, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं अंग पायावर टाकलं. पॅडल खाली गेलं. मागं हडंब्याला फिरवणारा शाफ्ट थांबला, सोयाबीन मळणारा ड्रमही रेंगाळत थांबला.

"दाबला!" तो ओरडला.

हा शब्द ऐकल्याशिवाय वत्सलाबाई आत हात घालायच्या नाहीत. नवरा ट्रॅक्टरवर, बायको हडंब्यापाशी. इतक्या वर्षांत दोघांत ठरलेलं काय ते एवढंच.

आता त्या जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचचं सांगायलाच हवं, नाहीतर शहादेवचा जीव कशानं टांगणीला लागला होता ते कळायचं नाही. त्या पॅडलला दोन टप्पे. अर्ध्यावर दाबलं की नुसती चाकं सुटतात, मागचा शाफ्ट आपला फिरतच राहतो. पार तळाला नेलं आणि तिथंच धरून ठेवलं, तरच शाफ्ट थांबतो. शाफ्ट सोडवायचं वेगळं लिव्हर होतं, पण ते कधीचंच अडकून बसलेलं. इंजिन बंद करावं, तर बॅटरी उतरलेली. एकदा बंद केलं की सिरसाळ्याहून दुसरी बॅटरी येईपर्यंत सगळ्यांनी हात बांधून बसायचं. म्हणून मालक राधाकिशनची सक्त ताकीद होती, मळणी उरकून रास होईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. सगळा भार त्या पॅडलवर आणि पॅडलचा भार शहादेवच्या गुडघ्यावर.

आणि गुडघा तर पोळ्यापासूनच कामातून गेलेला! हे त्यानं बायकोलाही कळू दिलं नव्हतं. उसाच्या फडात कोयता टाकून तो ह्या सीटवर बसला होता, गाव त्याला डायवर म्हणत होतं. सीट गेली तर पुन्हा फड, आणि असल्या गुडघ्याच्या माणसाला फडात तरी कोण घेतंय?

"झालं का गं?"

"कुटलं होतंय! लई ओलं हाय, पार गुंडाळून बसलंय. धरून ठिवा तसंच."

धरून ठेवा म्हणे! गुडघ्यात कुणी तापलेली सळई फिरवावी तशी कळ येत होती. त्यात राधाकिशन समोर बांधावर उभा. परळीकडून आभाळ भरून येत होतं.

"शादेव, आवर बे! तिकडं पानी धरलंय."

"व्हय मालक."

मांडी थरथरायला लागली. इंजिन बंद करायची तार हाताशीच होती. ओढली की विषय संपला. पण मालक विचारणार, कावून बंद केलंस? मग काय सांगायचं? शहादेवनं दात आवळले. आता काढेल ती हात. आता काढेल. अजून जरासं.

पॅडल बोटभर वर आलं.

शाफ्ट हलला. ड्रम करकरला आणि वत्सलाबाई किंचाळल्या, "अगं आई गं!"

शहादेवनं तार ओढली.

इंजिन गप्प झालं. मागं वळून बघायचीही त्याची हिंमत होईना. वळला तेव्हा हात बाहेर होता. कोपरापर्यंत सोललेला, मनगटातून रक्त गळत होतं, पण पाचही बोटं जागेवर होती. देवा रे, नारायणा!

राधाकिशन धावत आला. "काय झालं? इंजिन कावून बंद केलं बे?"

वत्सलाबाईंनी मनगटावर पदर दाबला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा थरथरणारा पाय त्यांना दिसला. काय झालं ते त्या समजल्या.

"काई न्हाई मालक. बांगडी वाढली. मीच घाई केली."

सुटला होता की शहादेव! गप्प बसला असता तर सीट राहिली असती. पण उद्या पुन्हा तो 'दाबला' म्हणणार आणि ही त्याच शब्दावर हात घालणार.

"खोटं बोलतीया ती," तो म्हणाला. "मी दाबला म्हनलो आन् मला धरता आला न्हाई. गुडगा गेलाय मालक. लई दिस झाले."

राधाकिशननं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आदी सांगायचं न्हाई व्हय बे? बाईचा हात गेलता की आता." मग आवाज उतरवून म्हणाला, "उतर खाली."

मडगार्ड धरून शहादेव उतरला. मदतीला पुढं झालेल्या एका मजुराला त्यानं हातानंच नको म्हटलं.

बॅटरी आली, इंजिन सुरू झालं. सीटवर राधाकिशन स्वतः बसला. शहादेव नको नको म्हणत असतानाही वत्सलाबाई मनगटाला चिंधी बांधून हडंब्यापाशी उभ्या राहिल्या. शहादेव लंगडत गंजीवरचं काड ओढून त्यांच्या हाताशी देऊ लागला. थोड्याच वेळात पुन्हा काड तुंबलं.

"दाबला!" राधाकिशन ओरडला.

वत्सलाबाईंनी हात पुढं केला नाही.

"घाल की हात! पुरा दाबलाय म्हन्तो ना!"

त्या तशाच उभ्या राहिल्या, शहादेवकडे बघत. तो जमेल तेवढा वाकला. त्यानं शाफ्ट पाहिला, मग ड्रम पाहिला.

"थांबलाय," तो म्हणाला.

मग वत्सलाबाईंनी आत हात घातला.