चार माळा आणि एक नळ

त्या सकाळी बेकरीत पाव घ्यायला कुणी आलंच नव्हतं. सगळे आले होते शिंप्याचा हात बघायला.

शिंप्याचा हात इस्त्रीनं पोळला होता. फुंकरबाबांनी तो मागच्या मोरीतल्या नळाखाली धरला होता. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि ओठांतल्या ओठांत मंत्र चालला होता, ऐकणाऱ्याला एक अक्षर कळू नये असा. गर्दी श्वास रोखून उभी होती. बऱ्याच वेळानं बाबांनी नळ बंद केला, गाल फुगवले आणि ओल्या हातावर लांबलचक फुंकर घातली.

"आहाहा!" शिंपी ओरडला. "बर्फ! नुसता बर्फ!"

"आग कुठंय?"

"गेली, बाबा!"

"कुणी नेली?"

"तुम्ही!"

"मी कोण रे नेणारा? मी तिला फक्त दार दाखवलं," असं म्हणून बाबांनी तोंडातली गोळी चघळत काउंटरवरच्या बरणीतून मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या उचलल्या आणि थोरलीनं बांधून ठेवलेला केकचा डबा काखेत मारला. बाबा पैशाला शिवत नसत. केक मात्र लोण्याचा लागे.

बेकरी दोन जावांची. थोरलीचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. धाकटीचं बोलणं ऐकायला गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकावं लागे. धाकटी देवभोळी नव्हती, पण देवाची होती. प्रार्थना केल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही, आणि पाव भट्टीत गेले की हातातली माळ सुरू. चार माळा, म्हणजे वीस मिनिटं, झाल्या की पाव तयार. घड्याळ बंद पडलं होतं तेव्हासुद्धा तिच्या मोजणीनं एक पाव करपला नव्हता.

म्हणूनच ते तिच्या लक्षात आलं. शिंप्याचा हात नळाखाली गेला तेव्हाच एक खेप भट्टीत गेली होती. बाबांनी फुंकर घातली आणि इकडे तिची चौथी माळ संपली. मागच्या आठवड्यात बाबांना कुठल्याशा दुकानाच्या उद्घाटनाला जायची घाई होती, तेव्हा मंत्र एका माळेतच आटपला. दूधवाल्याचा भाजलेला पाय दिवसभर भगभगत राहिला. बाबा त्याला म्हणाले होते, "तुझी श्रद्धा तुझ्या दुधासारखीच आहे."

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "आग मंत्रानं जात नाही. पाण्यानं जाते."

"तू एवढी देवाधर्माची, आणि तूच शंका घेतेस?"

"देवावर कुठं घेतेय? बाबांवर घेतेय."

थोरलीनं असं काही बघितलं की धाकटी पाव पिशवीत भरू लागली. खरं तर बाबांची एक अट तिला जास्त खुपत होती. "माझ्याआधी पाण्याचा थेंब लागला, तर आग आत शिरेल," असं ते बजावून ठेवत. महिन्यापूर्वी बेकरीतला भट्टीवाला भाजलेला हात तसाच कोरडा घेऊन दीड तास त्यांची वाट बघत बसला. तळव्यावर टरारून फोड आले. पुढचे पंधरा दिवस तो डाव्या हातानं पाव कापत होता, आणि गावभर तिरके पाव जात होते.

दोन दिवसांनी थोरलीनं घाईत ओलं फडकं उचललं आणि तापलेला ट्रे धरला. ओल्या फडक्यातून चटका दुप्पट वेगानं लागतो, हे तिनंच दहा जणांना शिकवलेलं. ट्रे खणखणत खाली पडला. उजवा तळवा लालबुंद.

"नळ!" धाकटी म्हणाली.

"खबरदार! आधी बाबांना बोलवा!" थोरली हात उंच धरून चौकातल्या पोलिसासारखी उभी राहिली.

भट्टीवाल्यानं स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. धाकटीनंही बघितलं. मग सासरी आल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला.

"जाऊबाई, हात इकडे द्या!"

दाराशी उभा असलेला शिंपी दचकून दोन पावलं मागे सरला. थोरली तर इतकी चकित झाली की तिनं हात दिला. धाकटीनं तिच्या बांगड्या, अंगठी उतरवली आणि तळवा नळाखाली धरला.

"अगं, पण मंत्र?"

"म्हणते मी. हात हलवायचा नाही." मग भट्टीवाल्याला म्हणाली, "नवी खेप आत सारा. ती निघेपर्यंत हात पाण्याबाहेर येणार नाही."

आणि ती डोळे मिटून पुटपुटू लागली. बघता बघता माणसं जमली. शिंप्यानं हात जोडले. "हिलाही साधना आहे हो! बोललीच नाही कधी!"

पाव बाहेर आले, नळ बंद झाला, आणि त्याच वेळी निरोप मिळालेले बाबा धापा टाकत दारात आले.

"पाणी लावलंत? संपलं! आग आत शिरली!"

थोरलीनं तळवा उलटसुलट करून पाहिला. "लाल आहे. थोडं चुरचुरतंय. पण आग थांबली, बाबा."

"अशक्य! कुठला मंत्र म्हटला?"

धाकटी खोटं बोलत नसे. "भिंतीवरची यादी," ती म्हणाली. "साधा पाव, गोड पाव, टोस्ट, बिस्किट, सुका केक, मेव्याचा केक. संपली की पुन्हा पहिल्यापासून."

बेकरीत हसण्याचा स्फोट झाला. बाबा मात्र सावरले. "माझी शक्ती दुरून पोचली!"

"मग माझ्या वेळी दीड तास कुठं अडकली होती?" भट्टीवाला म्हणाला.

"आणि तो गारवा?" शिंपी अजून रेंगाळत होता. "मी स्वतः अनुभवलाय!"

धाकटीनं बरणी पुढे केली. "गोळी चघळा. मनगट ओलं करा. आता फुंका."

बेकरीभर गाल फुगले. फू! फू! "आहाहा!" ओली कातडी फुंकरीनं गार पडते, त्यात तोंडात पेपरमिंट. एका बरणीत सतरा बाबा तयार झाले. अठरावे मागच्या पावली निघून गेले. घाईत त्यांच्यासाठी बांधून ठेवलेला केकसुद्धा राहिला.

थोरलीनं तो कापायला घेतला, पण हात आखडला, तेव्हा सुरी धाकटीकडे दिली. "एवढं माहीत होतं तर आधीच ओरडायचं नाही का गं माझ्यावर?"

"तुमचा हात भाजल्याशिवाय आवाजच फुटेना," धाकटी म्हणाली, आणि केकचा पहिला तुकडा भट्टीवाल्याला दिला.

बायांनो, देवाचं नाव जरूर घ्यावं; त्यानं धीर येतो. पण भाजलेला हात कोरडा ठेवून कुणाचीही वाट बघू नये. आधी नळाचं साधं पाणी, चांगली वीस मिनिटं. भाजणं मोठं असेल तर डॉक्टर. देवानं पाणी सगळ्यांसाठी केलंय. मध्ये कुणी येऊन उभा राहिला, तर त्याला नम्रपणे बाजूला व्हायला सांगावं. नाहीच ऐकलं, तर ओरडावं.