सहाव्या खांबावरचा हात

मी एक जुनी बॅटरी आहे, मित्रांनो. तुमच्या पुस्तकात मला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात, इकडे केनवडला मात्र बॅटरीच. आणि जुनी म्हणजे तीन वर्षांची. हसू नका! मातीत, चिखलात, दवात तीन वर्षं काढून दाखवा, मग बोलू.

लांबीला मी वीतभरही नाही. कारखान्यात माझ्या तोंडात एक खोल, चकचकीत वाटी बसवली. ती माझा उजेड इकडेतिकडे सांडू देत नाही, गोळा करून सरळ लांब फेकते. त्यामुळे जवळचं माझ्याकडून फारसं दिसत नाही. हा माझा स्वभाव आहे, खोट नाही. पण रिसोडच्या दुकानात हे कोणाला सांगणार? गिऱ्हाईक यायचं, भर दुपारी माझा उजेड तळहातावर पाडून बघायचं आणि "एवढासाच गोल पडते" म्हणत शेजारचा ढब्बू दिवा उचलून न्यायचं. त्या ढब्बूला वीस पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण कौतुक त्याचंच. असा संताप यायचा म्हणून सांगू!

चतुराबाई आली ती दिवेलागणीला, मेथी-सांभाराची, म्हणजे मेथी-कोथिंबिरीची, टोपली रिकामी करून. तिनं तळहात पुढे केलाच नाही. दुकानाबाहेर उभी राहिली, रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर मला रोखलं आणि टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजल्या. "हेच द्या," म्हणाली. तेव्हापासून मी तिची.

तिची अडचण अशी होती. घर मळ्यात, आणि कोबी लावलेला जमिनीचा तुकडा नाल्यापलीकडे. अंधार पडला की तिथं रोही यायचे. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. कळप एकदा शिरला की वाफेच्या वाफे सपाट. घरात ती आणि लेक राधिका, दोघीच. चतुराबाईचा गुडघा अधू, अंधारात नाला उतरणं तिला जमत नव्हतं. तिचा धाकटा दीर देवमन याच संधीची वाट बघत होता.

"वयनी, तुमाच्यानं राखण होत नाही," तो अंगणात येऊन म्हणाला. "तो तुकडा मले द्या वाहाले-पिकवाले."

"मले नाल्यात उतराचं कामच काय?" चतुराबाईनं मला दाखवलं. "इथूनच उजेड पाडते. रोही पयते."

देवमन पोट धरून हसला. "हे एवढीशी? इच्यानं चुलीवरला भात तरी दिसते काय?"

"पाहून घ्या मंग."

"चालते. आज सांजीले मी नाल्यापलीकडे, इथून सहाव्या इजेच्या खांबापाशी उभा राह्यतो. उजेड माह्यापर्यंत आला, त हात वर करतो. नाही आला, त तुकडा माहा."

"कबूल," चतुराबाई म्हणाली. शेजारच्या मळ्यातली तुळसाबाई तिथंच बसली होती. तिला साक्षीदार केलं.

राधिकेनं मला चार्जिंगला लावलं आणि नेमकी लाइन गेली. माझं पोट अर्धंच भरलं. मी भ्याले नाही असं म्हणणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला? भ्याले. माझ्या एवढ्याशा अंगावर एका बाईचा अख्खा तुकडा येऊन पडला होता.

अंधार पडला. देवमनचा आवाज लांबून आला, "हं, पाडा!"

"माय, काका खरंच हात वर करतीन काय?" राधिका हळूच म्हणाली.

चतुराबाईनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि बटण दाबलं. होतं नव्हतं ते सगळं मी फेकलं. पहिला खांब, दुसरा, नाल्याच्या झुडपांतला तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यापाशी देवमनचा पांढरा सदरा उजळला. हात दोन्ही खाली! गडी मुद्दाम ताठ उभा. लबाड कुठला! मी सरळ त्याच्या डोळ्यांत घुसले. क्षणभर तो तसाच राहिला, मग एकदम त्याचा उजवा हात वर गेला आणि कपाळावर आडवा झाला.

देवमन परत आला तो मान हलवतच. "निरा अंधार होता वयनी. काही आलं नाही माह्यापर्यंत."

"पण काका, तुमी हात त वर केला," राधिका म्हणाली.

"तो काय कबूल म्हणून केला काय? डोये दिपले म्हणून..."

"कायनं दिपले, भाऊजी?" चतुराबाईनं विचारलं.

तुळसाबाईला हसताना ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. तुकडा चतुराबाईकडेच राहिला आणि कोबीही.

पुढे माझी आबाळ झाली. घरात नवा मोबाइल आला, त्यातही उजेड होता, मग मला कोण विचारतो? कोनाड्यात पडून काचेवर धूळ साचली, चार्जिंगचं भोक मातीनं बुजलं. एका संध्याकाळी रोही शिरले. मोबाइलचा उजेड गोठ्यापुढे जाईना. चतुराबाईनं कोनाड्यातून मला ओढलं, साडीच्या पिनेनं माती काढली, काच पदरानं पुसली. "चुकलं माहं," ती मलाच म्हणाली. घटकाभर चार्जिंग मिळालं आणि कळप नाल्याकाठानं पळाला. तोवर दोन वाफे मात्र गेले. ते माझ्या नावावर घालू नका.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर तिची काच पुसा, पोट रिकामं ठेवू नका. दया म्हणून नको, कामाची आहे म्हणून. तळहातावर उजेड पाडून तिची परीक्षा घेऊ नका, उघड्या रानात न्या. आणि समोरचा म्हणाला, काही पोचलं नाही, तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका. हाताकडे पाहा.