कोरडी हवा

समुद्रात सोडलेल्या यंत्राचे आकडे वेधशाळेत आले आणि तिने ते दोनदा पडताळले. पाणी नुसतं वरवर नाही, शंभर मीटर खोलपर्यंत गरम होतं. वादळं कशाने चवताळतात, याच एका प्रश्नामागे तिची अकरा वर्षं गेली होती. खालचं गार पाणी घुसळून वर आलं की वादळ मवाळ पडतं. इथे गार पाणीच नव्हतं.

"हे वादळ उद्यापर्यंत दुप्पट जोराचं होईल," ती साहेबांना म्हणाली.

"बाजूला कोरडी हवा आहे. ती आत शिरली की फुस्स. इशारा मध्यमच राहील."

"आणि नाही शिरली तर?"

साहेब फाइल मिटून उठले.

तिची वहिनी किनाऱ्यावरच्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. तिने फोन लावला. "वहिनी, तळमजला रिकामा कर."

"वरून आदेश नाही गं."

"आदेशाआधी पाणी येईल. पाया पडते तुझ्या."

"तू म्हणतेस ना? मग हलवते."

लिफ्ट बंद होती. एकोणीस रुग्ण चादरींच्या झोळ्या करून जिन्याने वर न्यायचे होते. सोळावे दम्याचे एक निवृत्त शिक्षक. दुसऱ्या वळणावर त्यांचा श्वास अडकला, तो सुटलाच नाही.

वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा त्यात दम उरला नव्हता. कोरडी हवा त्याच्या पोटात शिरली होती. तळमजल्याची फरशी ओलीसुद्धा झाली नाही.

चौकशीत वहिनीने तिचा उल्लेखही केला नाही. तीच उठली. "सल्ला माझा होता. कोरडी हवा मलाही दिसत होती. पण गरम पाण्यापुढे मी ती जमेस धरलीच नाही."

"बस खाली," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "एकीची नोकरी जातेय तेवढं पुरे."

वहिनीची नोकरी गेली. तिला स्वतःला मात्र नुसती ताकीद मिळाली.

बाहेर शिक्षकांच्या मुलीने तिला अडवलं. "एकच सांगा. वादळ खरंच वाढलं असतं, तर बाबा खाली वाचले असते?"

"नाही."

"मग तुम्हाला शिव्या तरी कशा देऊ?" मुलीचा आवाज फाटला. "द्यायच्या होत्या मला."

"द्या," ती म्हणाली.

मुलगी भिंतीला टेकून रडत राहिली. शिवी काही तिच्या तोंडातून निघाली नाही.