कुशीवर ठेवायचा रंधा

मी रंधा बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. माझं काम लाकूड तासायचं, तोंडाची वाफ दवडायचं नाही. शाळेशी माझा संबंध एवढाच, की तिथल्या बाकांच्या फळ्या मी गुळगुळीत केल्या. तेव्हा भाषा खडबडीत लागली तर लागू द्या.

मला घडवलं या दोघा सुतारांच्या बापानं. सागाचं धड, पोलादी पातं, ते आवळायला पाचर. म्हाताऱ्याचा एकच नियम होता. हातातलं काम थांबलं की रंधा कुशीवर ठेवायचा. तळावर ठेवला की पात्याची धार टेबलाला घासून मरते. हे विसरल्याबद्दल दोन्ही पोरांनी पाठीत धपाटे खाल्लेत. म्हातारा गेला, नियम राहिला.

आता थोरला करवतीवर आणि धाकटा माझ्यावर. धाकटा म्हणजे काही पोर नाही, चौतिशीचा बाप्या आहे. दोघं भाऊ, थोरल्याची बायको आणि आई एकाच घरात राहतात. मागची खोली म्हणजे आमचा कारखाना.

एका रविवारी धाकटा उशिरा आणि ओल्या केसांनी कामावर आला.

"कुठं भिजलास रे?" थोरल्यानं विचारलं.

"नदीवर गेलो होतो आंघोळीला. नळाला पाणी नव्हतं."

दाराबाहेरचा नळ पिंपात धो धो वाहत होता.

"मग हा काय रडतोय होय?" थोरला हसला.

धाकट्यानं मला हातात घेतलं. तासता तासता तो पुटपुटायला लागला. ऐकायला मी सोडून कुणी नव्हतं. "प्रभू, तुझ्या नावानं आज बाप्तिस्मा घेतला. वाटलं होतं, पाण्यातून वर आलो की भीती तळाशी राहील. ती तर पोहत माझ्यामागं आली."

भीती आईची होती. दोनच दिवसांनी आई जेवण घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "शिंपिणीची लेक ख्रिस्ती झाली म्हणे. माझ्या पोटच्यानं असं केलं ना, तर मी समजेन तो मेला. दारात उभं नाही करणार."

धाकट्याचा हात घसरला. फळीत मी खोल रुतलो.

"लाकूडच गाठीचं आहे," तो म्हणाला. गाठबीठ काही नव्हती. उगाच माझ्या नावाला बट्टा.

नव्या माणसाला नवी सवय लागली होती. घास घेण्याआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे. पण भाऊ समोर बसलेला. पहिल्याच दिवशी थोरल्यानं विचारलं, "काय झालं रे?"

"डोळ्यात भुसा गेला."

थोरला उठला, हात धुऊन आला, त्याची पापणी वर केली आणि फुंकर मारली. "वर बघ. हलू नको, घोड्या." मग हे रोजचंच झालं. थोरला म्हणायचा, "जेवायच्या वेळीच बरा जातो तुझ्या डोळ्यात. भुशालाही भूक लागते वाटतं." एक दिवस बाजारातून त्याच्यासाठी चष्मा घेऊन आला, डोळे झाकणारा. धाकट्यानं तो लावला आणि दुसऱ्या दिवसापासून भुसा काचेच्या आत जायला लागला.

महिना झाला असेल. थोरला बाहेर गेलाय असं बघून धाकट्यानं खिशातून बायबलातला छोटा नवा करार काढला. दोन ओळी वाचल्या असतील नसतील, दारात चपला वाजल्या. घाबरून त्यानं पुस्तक टेबलावर टाकलं आणि मला उचलून वर आदळलं. तळावर! सुताराच्या पोटी जन्मलेला माणूस!

थोरला पेन्सिल शोधत आला आणि थबकला. तिथं दुसरं काहीही वेडंवाकडं पडलेलं असतं तर त्याला दिसलं नसतं. "रंधा तळावर? बापाचे धपाटे विसरलास?" म्हणत त्यानं मला उचललं.

"हे काय?"

"गिऱ्हाईक... विसरून गेलं."

थोरल्यानं पहिलं पान उघडलं. चर्चच्या पाळकाच्या अक्षरात धाकट्याचं नाव होतं, बाप्तिस्म्याची तारीख होती.

"हा तर नळाला पाणी नव्हतं तो रविवार," थोरला हळूच म्हणाला.

टेबलाची कड धरून धाकटा म्हणाला, "माझं आहे, दादा. मी ख्रिस्ती झालोय."

"आणि तो भुसा?"

"प्रार्थना करत होतो."

"महिनाभर फुंकर मारली रे मी. वेड्यासारखी." देवाधर्माबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. त्याला फुंकरच लागली होती.

"प्रभूला सोडणार नाही, दादा. पण तुझ्याशी खोटं बोललो, ते चुकलं. माफ कर."

थोरल्यानं पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. मग म्हणाला, "रविवारी आईला तू सांगायचं. नाहीतर मी सांगेन. आणि तिनं दार लावलं तर मला ते उघडता यायचं नाही, आत्ताच ऐकून ठेव."

आज शनिवार. जेवताना धाकट्यानं उघड उघड डोळे मिटले. थोरला घास हातात धरून थांबून राहिला, ते उघडेपर्यंत.

माझं म्हणाल, तर पुस्तकाच्या पाठीतल्या तारेवर आपटून पात्याला दात पडलाय. तासलेल्या प्रत्येक फळीवर बारीक रेघ उठते. धाकटा तिच्यावरून बोट फिरवतो आणि पुन्हा तासायला लागतो. धार लावायचं त्याला सुचत नाही. मूठ मात्र अशी धरतो, जणू मीच त्याला बुडण्यातून वर काढणार आहे. मी लाकडाचा आहे बाबा, तरंगतो तेवढंच.

उद्या आई काय करेल, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी ओळख असेल, तर दार थोडं किलकिलं ठेवायला सांगा. तो सोमवारी या टेबलाशी परत यायला हवा. त्यानं देवाची माफी मागितली, भावाची मागितली, उद्या आईची मागेल. तळावर आदळल्याबद्दल माझी तेवढी राहिलीय, आणि ती मागायचीय त्यानंच, धाकट्यानं.