मध्यावरचा झेंडा

टोर्किलने सायकल भिंतीला टेकवली, वर पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. अंगणातला झेंडा काठीच्या मध्यावर लटकत होता. इमारतीतलं कुणी वारलं की झेंडा मध्यावर येतो, हे कोपनहेगनमधलं शेंबडं पोरही सांगेल. आणि चौथ्या मजल्यावरची विबेके गेल्याच आठवड्यात जिन्यात मटकन बसलेली त्याने पाहिली होती.

त्याने मान खाली घातली. मान खाली असतानाच हिशेब सुरू झाला.

सोसायटीत जागा रिकामी झाली की पहिला हक्क सर्वांत जुन्या सभासदाचा, म्हणजे टोर्किलचा. त्याचं घर तळमजल्यावर, खिडकीसमोर कचऱ्याचे डबे. विबेकेची गॅलरी थेट बागेवर उघडायची, आणि बागेच्या कुंपणापलीकडे प्राणिसंग्रहालय. तिथे बसून ती रोज हत्तींची आंघोळ फुकटात बघायची. वारा फिरला की टोर्किलच्या वाट्याला त्याच हत्तींचा वास यायचा. इतकी वर्षं वास सोसल्यावर आता दर्शन मिळायला हरकत नव्हती.

वाईट वाटलंच त्याला. बाई लाखात एक होती. पण आईकडून आलेलं ते ओकचं थोरलं कपाट जिन्याच्या वळणावर फिरेल का? विबेकेच्या घरच्यांना भेटायला वर जायचंच होतं. जाता जाता त्याने खिशात मोजपट्टी टाकली.

चौथ्या मजल्याच्या खालच्याच वळणावर तो गुडघ्यांवर बसून पट्टी ताणत होता, तेव्हा वरचं दार उघडलं.

"टोर्किल? काय हरवलं रे?"

दारात विबेके उभी होती. गाल लाल, केसांत कागदी झेंडा खोचलेला. तिच्यामागून ताज्या कॉफीचा वास येत होता.

टोर्किलच्या हातातली पट्टी सर्रकन आपली आपण मिटली.

"तू... बरी आहेस ना?"

"ऐंशीची झाले आज. याहून बरी कशी असणार? विसरलास ना मेल्या?"

तेवढ्यात अंगणातून सोसायटीची अध्यक्ष लोने ओरडली, "विबेके, माफ कर गं! दोरी मध्येच अडकलीय. शिडी आणते, मग चढवते तुझा झेंडा पार वरपर्यंत!"

वाढदिवसालाही हाच झेंडा चढवतात, हे टोर्किलला आत्ता आठवलं. विबेकेने जिन्याच्या खिडकीतून अंगणात पाहिलं, मग पट्टीकडे, मग त्याच्याकडे. तिचे ओठ थरथरले. रडू नव्हतं ते.

"माप कसलं घेतोयस?"

टोर्किलने भिंतीकडे पाहिलं.

"बाकडं," तो म्हणाला. "घडीचं. भिंतीला लावायचं. तुला दम लागतो ना चढताना... वाढदिवसाची भेट म्हणून."

"अगं बाई! आणि मला वाटलं, कपाट."

"कसलं कपाट?"

"तुझं ते ओकचं. म्हटलं, सांगावं याला. या वळणावर ते फिरायचं नाही. माझंही फिरलं नव्हतं, करवतीने दोन तुकडे करावे लागले." तिने दार सताड उघडलं. "पण बाकडं एकाच वळणावर का रे? सगळीकडे कर की. चल, आधी केक खा. पिल्लू बाहेर आलंय."

गॅलरीतून दिसत होतं ते असं: हत्तीण सोंडेने पाणी उडवत होती आणि पिल्लू तिच्या पायांमधून पळून जायचं सोंग करत होतं. टोर्किल केक हातात धरून बसला तो खायचंच विसरला.

बाकडी झाली. सागवान महाग म्हणून पाइनची, पण पॉलिश तीनदा मारून. पहिलं लावलं त्या दिवशी लोने येऊन त्यावर टेकली, उठली, पुन्हा टेकली.

"झकास. विबेके म्हणते, आता शंभरीही इथेच करणार. रिकाम्या जागेच्या यादीत तुझं नाव तसंच ठेवू ना?"

"ठेव की," टोर्किल म्हणाला, आणि पुढचा स्क्रू जरा जास्तच पिळला.

दर रविवारी विबेकेकडे कॉफीचं आमंत्रण ठरून गेलं. पहिल्या रविवारी टोर्किल इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबला. झेंडा मध्यावर दिसला त्या दिवशी हिशेबाच्या नादात जिना कधी संपला ते कळलंही नव्हतं. आज प्रत्येक पायरी आपली ओळख करून देत होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बाकडं उघडलं आणि बसला. तिसऱ्या मजल्यावरही बसला.

"आलास का रे?" वरून विबेकेचा आवाज आला. "हत्ती पाण्यात उतरले!"

"आलोच!" टोर्किल गुडघे चोळत म्हणाला. "जरा बाकडं तपासतोय."

"तपास, तपास. सावकाश तपास. कॉफी झाकून ठेवते."

लाकूड टोर्किलचं, पॉलिश टोर्किलचं, उन्हाळ्यातले सगळे शनिवारही त्याचेच. आणि पुढे पुढे, विबेके पिशवी घेऊन शेजारून चढून जायची तेव्हा, बसलेलाही बहुतेक तोच असायचा.